भारत १९४७ ला स्वतंत्र झाला, मग गोव्याला १९६१ का उजाडलं?

गोव्यातली पासपोर्टची बातमी अधूनमधून येतच असते. म्हापशात नाहीतर मडगावात वाढलेल्या कुणाची तरी जन्मनोंद लिस्बनमध्ये झालेली निघते आणि त्याचं भारतीय नागरिकत्व राहिलं की गेलं, यावर कागद फिरू लागतात. वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो. बार्देशात जन्मलेल्या आजीची नोंद युरोपातल्या एका देशाच्या दप्तरात कशी? आणि ती तिच्या नातवाला आजही उपयोगी कशी पडते?

याचं उत्तर गोवामुक्तीच्या गोष्टीत आहे. शाळेत ती आपण दोन ओळींत शिकलो: ऑपरेशन विजय, १९ डिसेंबर १९६१. मला त्या दोन ओळी कायम खुपत आल्या आहेत. लष्कराचे ते दोन दिवस म्हणजे पंधरा वर्षांच्या लढ्याचं शेवटचं पान होतं, आणि त्या लढ्याचा मोठा भाग एका शब्दावरून झाला. तो शब्द म्हणजे 'वसाहत'.

वसाहत कशाला म्हणायचं?

ज्या मुलखाचे निर्णय समुद्रापलीकडे बसलेली माणसं घेतात, आणि तिथल्या रहिवाशांना त्या माणसांना निवडताही येत नाही, हटवताही येत नाही, तो मुलूख म्हणजे वसाहत. या व्याख्येने इंग्रजांचा भारत वसाहत होता आणि पोर्तुगीजांचा गोवाही.

पोर्तुगीज आले १५१० मध्ये, बाबर पानिपतावर लढला त्याच्या सोळा वर्षं आधी. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी त्यांनी सोळाव्या शतकातच घेतले, त्या 'जुन्या काबिजादी'. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण हा सगळा भाग अठराव्या शतकात त्यांच्या हाती गेला, त्या 'नव्या काबिजादी'. मधल्या काळात गोवा गप्प बसला होता असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. १५८३ मध्ये कुंकळ्ळी गाव उठलं, १७८७ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा कट झाला, आणि सत्तरीच्या राणे घराण्याने तर एकामागून एक बंडं केली.

मग इंग्रज गेले तसे पोर्तुगीज का गेले नाहीत? इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात खचलं होतं. तिथे निवडणुका होत, वर्तमानपत्रं सरकारला धारेवर धरत, आणि १९४५ च्या निवडणुकीत सत्ता बदलली. म्हणजे भारतातल्या चळवळीचा दाब लंडनच्या संसदेपर्यंत पोचायला वाट होती. पोर्तुगाल महायुद्धात तटस्थ राहिला आणि तिथे १९३२ पासून सालाझार हा हुकूमशहा पंतप्रधान होता. खुद्द पोर्तुगीज जनतेलाच त्याला हटवता येत नव्हतं, तिथे गोव्यातल्या माणसाचं कोण ऐकणार? जो राजा स्वतःच्या प्रजेला जुमानत नाही, त्याला परक्या प्रजेची लाज वाटत नाही.

लग्नपत्रिकेलाही परवानगी

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस समिती काढली होती, पण लढ्याला उघड तोंड फुटलं ते १८ जून १९४६ रोजी. डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटून प्रकृती सुधारण्यासाठी असोळण्याला, डॉ. ज्युलियांव मिनेझिस या मित्राच्या घरी आले होते. भेटायला येणाऱ्यांकडून त्यांना कळलं की इथे सभा घ्यायला परवानगी लागते, छापायला लागते, अगदी लग्नपत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागते. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण सरकारी शिक्क्याशिवाय छापता येत नाही, हे ऐकून बापाला काय वाटत असेल, याचा विचार करून बघा.

लोहियांनी मडगावात सभा जाहीर केली. ऐन पावसाळ्यात माणसं जमली. प्रशासक कॅप्टन मिरांडाने लोहियांवर पिस्तूल रोखलं. लोहियांनी त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं आणि पुढे गेले. दोघा मित्रांना अटक झाली. पण शेकडो लोकांनी ते पिस्तूल बाजूला होताना पाहिलं होतं, आणि ते दृश्य पुढे विसरलं गेलं नाही. त्या जागेला आज लोहिया मैदान म्हणतात.

त्यानंतर अटकसत्र सुरू झालं. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून थेट पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यावर पाठवलं.

पाटी बदलली

आता मुख्य मुद्दा. महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि वसाहती बाळगणाऱ्या देशांवर बंधन आलं: तिथल्या लोकांना स्वराज्याकडे न्यायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा. सालाझारने यावर काढलेला तोडगा असा. १९५१ मध्ये त्याने राज्यघटनेतून 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला. गोवा, दमण, दीव, अंगोला, मोझांबिक हे सगळे आता पोर्तुगालचे 'सागरापारचे प्रांत' झाले.

समजा एकाने दुसऱ्याच्या वाड्यात ठाण मांडलंय. गावाने ठरवलं की बळकावलेली घरं सोडायची. तर यानं दारावरची पाटी बदलली आणि सांगितलं, 'हा वाडा कुठला, ही तर माझ्याच घराची पडवी आहे. मधे थोडं पाणी आहे एवढंच.' आत राहणाऱ्यांची स्थिती तीच, चाव्या त्याच्याच कमरेला. पण पाटी बदलल्यामुळे पंचांना बोलायला जागा उरली नाही.

हे शब्दांचे खेळ निरुपद्रवी वाटतील, पण त्यांचे परिणाम खरे होते. भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये पोर्तुगालकडे वाटाघाटींची रीतसर मागणी केली होती. पोर्तुगालची भूमिका एकच: आमच्या भूमीबद्दल चर्चा कसली? १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याचा समावेश 'पोर्तुगीज प्रांतां'त होता. पाटी अमेरिकेनेही वाचली आणि मान्य केली.

'पण गोवेकर पोर्तुगालचे नागरिक होते, मग गुलामगिरी कसली?'

हा आक्षेप आजही ऐकू येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. कायद्याने गोवेकर नागरिक होते हे खरं आहे. काही जण लिस्बनमध्ये शिकले, डॉक्टर आणि न्यायाधीश झाले. पण त्या नागरिकत्वात काय होतं, ते १७ फेब्रुवारी १९५४ च्या रात्री दिसलं.

डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हापशाच्या इस्पितळातले शल्यविशारद. शिक्षण लिस्बनचं, पत्नी पोर्तुगीज. म्हणजे सालाझारच्या कल्पनेतला आदर्श नागरिक हवा तर हाच. पणजीत एका मेजवानीत भाषण करताना कुणी तरी म्हणालं की गोवा म्हणजे पोर्तुगाल. गायतोंडे एवढंच म्हणाले, 'मी निषेध करतो.' भाषण नाही, घोषणा नाही, पोर्तुगीजमधला एक शब्द. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आलं.

जिथे जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द तुरुंगात नेतो, तिथल्या नागरिकत्वाचं मोल मला तरी फार वाटत नाही. लिस्बनमधल्या पोर्तुगीज माणसालाही बोलायची मोकळीक नव्हती, हेही खरं. समानता होती ती तोंड बंद ठेवण्याची.

नेहरूंनी सैन्य लगेच का नाही पाठवलं?

याची उत्तरं बरीच आहेत आणि सगळी समाधानकारक नाहीत. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या लष्करी गटाचा संस्थापक सदस्य होता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे होता, आणि वाद शांततेने सोडवा असं जगाला सांगणारा देश स्वतः शस्त्र कसं उचलणार, ही अडचण होती. शिवाय फ्रान्सचं उदाहरण समोर होतं. चंद्रनगर १९५० मध्ये आलं, पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ ला भारताकडे आला, तोही वाटाघाटींतून. पोर्तुगालही आज ना उद्या याच वाटेने येईल असं दिल्लीला वाटलं. तो अंदाज चुकला. फ्रान्समध्ये निवडून आलेली सरकारं होती, पोर्तुगालमध्ये सालाझार होता. तिथल्या कैदेत वर्षं काढणाऱ्यांना या चुकीची किंमत मोजावी लागली.

हेगच्या न्यायालयात पेशव्यांचा सरंजाम

या लढ्यातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण हे, आणि मराठी वाचकांना ते फारसं माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

आजच्या पालघर जिल्ह्याला लागून असलेले दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे दोन तुकडे चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या दमणहून तिथे जायचं तर भारतातूनच जावं लागे. २२ जुलै १९५४ च्या सुमारास गोवेकरांच्या युनायटेड फ्रंटने दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल ही सशस्त्र संघटना आणि संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीतल्या सिल्वासात शिरले. त्यांत आपले गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते. भारताने पोर्तुगीज सैन्याला दमणहून जाऊ दिलं नाही, आणि हे तुकडे गेले ते गेलेच.

पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दावा कसला, तर आपल्याकडे तहसीलदारापुढे रोज चालतो तसला: वहिवाटीचा. माझं शेत आत आहे, तिथे पोचायला शेजाऱ्याच्या शेतातून वाट आहे, ती पूर्वापार चालत आलीय, त्याने ती अडवली.

आता ते 'शेत' पोर्तुगीजांकडे आलं कसं? १७७९ च्या पुणे तहाने. मराठ्यांनी मैत्री राखण्यासाठी त्यांना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं लावून दिली होती, आणि १७८३ व १७८५ मध्ये त्याच्या सनदा झाल्या. पोर्तुगालचं म्हणणं, मराठ्यांनी आम्हाला गावांचं सार्वभौमत्व, म्हणजे मालकीचं सर्वोच्च राज्य दिलं. भारताचं म्हणणं, दिला तो फक्त सरंजाम.

सरंजाम म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. गावाचा महसूल खा, सेवा कर, पण गाव सरकारचंच. हेगच्या न्यायाधीशांनी हे जुने कागद वाचले, 'जागीर' आणि 'सरंजाम' हे शब्द समजून घेतले, आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात म्हटलं की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क होता, राज्य नव्हे. पुण्याच्या दप्तरातला एक शब्द पावणेदोनशे वर्षांनी युरोपात साक्षीला उभा राहिला.

मात्र निकाल सरळ भारताच्या बाजूने लागला असं सांगणं चुकीचं होईल. इंग्रजांच्या काळात पोर्तुगीज ताबा मुकाट मान्य होत गेला आणि येण्याजाण्याचा प्रघात पडला, असं न्यायालय म्हणालं. म्हणून साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याची वहिवाट पोर्तुगालला आहे. पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याची नाही, आणि भारताने काही बेकायदा केलेलं नाही. थोडक्यात, बैलगाडी जाऊ शकते, लाठ्याकाठ्या घेतलेली टोळी जाऊ शकत नाही. आणि टोळीशिवाय तो ताबा परत मिळणं शक्यच नव्हतं.

पत्रादेवी

बांद्याहून गोव्यात शिरताना पत्रादेवीला हुतात्म्यांचं स्मारक लागतं. गाड्या भरधाव निघून जातात. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा.

पुण्यात १९५४ मध्ये गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघ, शेकाप, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष तिच्यात एकत्र आले. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट १९५५ च्या मे महिन्यात तुकडी घेऊन हद्दीत शिरले. शिरुभाऊ लिमये, मधू लिमये, सुधाताई जोशी हेही त्या वर्षी गोव्यात गेले. सत्याग्रहींना बेदम मारहाण झाली, पुढाऱ्यांना दहा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या.

१५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले तीन हजारांवर सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी सीमेवर गेले. हातात तिरंगा, दुसरं काही नाही. पत्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैल सिंग हा तरुण शिक्षक पुढे धावला आणि तिथेच कोसळला. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं गेली.

यानंतर दिल्लीने दोन निर्णय घेतले. भारतातून जाणाऱ्या सत्याग्रहींना बंदी केली, आणि गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. माझ्या मते दुसरा निर्णय फसला. पोर्तुगालने बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आणलं, आणि लोहखनिजाची निर्यात त्याच काळात वाढत गेली. हाल झाले ते मुंबईच्या धोबीतलावच्या कुडांत राहून गावी पैसे पाठवणाऱ्या गोवेकरांचे. कूड म्हणजे त्यांच्या त्यांच्या गावाच्या नावाची सामायिक खोली. मनीऑर्डर बंद, कॅसलरॉकवरून जाणारी रेल्वे बंद.

तरी लढा विझला नाही. २५ नोव्हेंबर १९५५ ला, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला त्याच तारखेला, आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं तो चालवत. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूला गेले. पोर्तुगीज आणि कोंकणीतून ते बातम्या देत, आणि हे सहा वर्षं चाललं. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अनुभवलाय, त्यांना त्या सहा पावसाळ्यांचा अंदाज येईल.

१९६०: पाटी उतरली

इकडे जग बदलत होतं. एकट्या १९६० मध्ये आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले आणि संयुक्त राष्ट्रांत नव्या मतांची भर पडली. १४ डिसेंबर १९६० ला आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. दुसऱ्याच दिवशी आणखी एका ठरावाने नावं घेऊन सांगितलं की अंगोला, मोझांबिक, 'गोवा आणि त्याचे भाग' हे प्रांत नाहीत, पोर्तुगालने त्यांचे अहवाल दिलेच पाहिजेत. नऊ वर्षांपूर्वी लावलेली पाटी अशी उतरली.

१९६१ च्या सुरुवातीला अंगोलात सशस्त्र उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद भरली, तिथे आफ्रिकी नेत्यांनी नेहरूंना स्पष्ट सांगितलं: तुम्ही गोव्यात थांबलात, म्हणून आमचं अडलंय. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी भारतीय जहाजावर आणि मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. एक मच्छीमार गेला.

दोन दिवस

१७-१८ डिसेंबरच्या रात्री भारतीय सैन्य शिरलं. पोर्तुगीज फौज तीन-चार हजारांची, तिने पूल उडवले. सालाझारची तार होती: आमचे सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी ती पाळली नाही. १९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी वास्कोत शरणागती पत्करली. पुढे सालाझारने त्यांना सैन्यातून हाकललं. मला वाटतं, गोव्याने या माणसाची आठवण ठेवावी. त्यांनी हुकूम पाळला असता तर पणजीत काय उरलं असतं?

सरदेसाई आणि लोबो विमानात बसले आणि पणजीवरून उडत ध्वनिक्षेपकावरून त्यांनी मुक्तीची बातमी सांगितली. सहा वर्षं जंगलात लपलेला आवाज उघड्या आभाळातून आला.

'मग हे आक्रमण नव्हतं का? लोकांना विचारलं कुठे?'

१८ डिसेंबरला सुरक्षा समितीत अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्ताननी भारताविरुद्ध ठराव आणला. त्याला सात मतं पडली. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरला. पण उरलेली तीन विरोधी मतं जास्त बोलकी आहेत: सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. वसाहतवादाची झळ ठाऊक असलेल्या देशांनी याला आक्रमण मानलं नाही.

सार्वमताचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. विलीनीकरणाआधी गोवेकरांना मतपेटीतून विचारलं गेलं नाही. पण सालाझारच्या गोव्यात मोकळं सार्वमत कोण घेणार होतं? पक्ष नाही, सभा नाही, वर्तमानपत्र नाही. विचारणं शक्य झालं तेव्हा विचारलं गेलंही, आणि उत्तर आपल्या महाराष्ट्रालाच मिळालं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. इथल्या अनेकांना ते लागलं. पण ज्यांनी स्वतःचं ठरवण्यासाठी लढा दिला, त्यांनी ते ठरवलं.

लिस्बनच्या दप्तरात

सालाझारने गोवा गेला हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. लिस्बनच्या कागदोपत्री तो पोर्तुगालचाच प्रांत राहिला. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही कोसळली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेरा वर्षं उशिरा. पोर्तुगीज कायदा मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वाची वाट देतो, त्याचं मूळ या जुन्या नात्यात आहे. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून आजचा तो गोंधळ.

त्या तेरा वर्षांचा अर्थ सर्वांत जास्त कळला असेल तो मोहन रानडे यांना. मूळचे सांगलीचे, गोव्यात सावई-वेरेला मराठी शिकवत. आझाद गोमंतक दलातून त्यांनी १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, गोळी लागून पकडले गेले, आणि सव्वीस वर्षांची शिक्षा होऊन लिस्बनजवळच्या काशियस तुरुंगात गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे सुटले नाहीत, कारण लिस्बनच्या हिशेबी ते पोर्तुगालच्या प्रांतातले गुन्हेगार होते. इकडे सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून दारोदार फिरत होते. रानडे तुरुंगातून बाहेर पडले ते जानेवारी १९६९ मध्ये.